बिननावाचा डोंगर

साबणावर केस होता. काळा, आखूड, मधेच वळलेला, आणि ओल्या साबणात असा रुतून बसलेला की नखानं काढायला जावं तर साबणच खरवडून यावा. विशाखाला तो दिसला तोवर साबण तिच्या मानेवरून, खांद्यावरून एकदा फिरून आला होता. म्हणजे केसही फिरून आला होता. तिनं खांदा लाल होईपर्यंत घासला, तरी तिथं कुणीतरी बोट टेकवून उभं असल्यासारखं वाटत राहिलं. मग तिनं तो साबण न्हाणीच्या झरोक्यातून बाहेर फेकून दिला. शेजारच्या पत्र्यावर तो आपटल्याचा आवाज आला आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं. सुरतेतल्या नवागामातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिच्या एकटीचं म्हणावं असं फार थोडं होतं. लग्न मोडून ती परत आली तेव्हापासून ती आणि आई स्वयंपाकाच्या खोलीत निजत, धाकटा भाऊ लोकेश, त्याची बायको साक्षी आणि त्यांचं लहान पोर बाहेरच्या. कपाटाचा एक खण आणि वरच्या फळीवरच्या वेगळ्या डबीतला हा साबण, एवढंच तिचं होतं. बाहेर येऊन तिनं विचारलं तेव्हा लोकेश चहा पीत म्हणाला की त्याचा संपला होता म्हणून घेतला. साक्षी हसली, कुत्सित नव्हे, आपली सहज. आई, चंपाबाई, भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणाली, "दिनभर लोकसनं काय काय हातमा धरस तू, आन एक केसनं इतलं?"

आई म्हणाली ते खोटं नव्हतं. उधन्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये विशाखा तपासणीचं काम करायची, आणि सकाळी ओळीनं मांडलेल्या डब्यांमध्ये जे काही असतं ते बहुतेक तिच्याच वाट्याला यायचं. रक्त सगळेच घेत. पण थुंकीची डबी, शौचाची डबी, जखमेतला पू कापसाच्या काडीवर आलेला, हे आलं की लॅबचा मुख्य धर्मेंद्र नाकासमोर हात हलवत म्हणायचा, "ए विशाखाबेनने आपो, एमने कंई नथी थतुं." तिला काही होत नाही. नवीन आलेल्या मुली लगेच डबी तिच्याकडं सरकवायच्या, दोन बोटांनी, डबीला स्वतःचं कातडं कमीत कमी लागेल अशा बेतानं, आणि मग हात धुवायला पळायच्या. पळताना त्यांचे चेहरे कसे मोकळे व्हायचे, नाकं उडायची, ओठ वाकडे व्हायचे, ई करून एक आवाज निघायचा. विशाखा ते चेहरे बघत राहायची. तिचा चेहरा जागच्या जागी असायचा. ती झाकण उघडायची, काडीनं काचेवर पातळ थर ओढायची, आणि तिला खरोखर काही व्हायचं नाही. निदान तेव्हा नाही. व्हायचं ते भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी. रिक्षात शेजारच्या बाईची घामेजली दंडाची वळी तिच्या दंडाला चिकटली की. कुणीतरी बोट चाटून नोट मोजून दिली की. साक्षीनं ताटातली उरलेली आमटी परत पातेल्यात ओतली की. गेली दोन-तीन वर्षं हे वाढतच चाललं होतं, भिंतीत कुठंतरी मुरलेलं पाणी ऊन पडल्यावर डागाडागानं बाहेर यावं तसं.

मुरलं कुठं ते तिला ठाऊक होतं. वडील गेले त्याआधी त्यांच्या, सखारामच्या, गालाला भोक पडलं होतं. कापडाच्या लूमवर उभ्यानं रात्रपाळ्या काढताना गालात धरलेली तंबाखू शेवटी गाल खाऊन बाहेर आली. मोठ्या दवाखान्यानं घरी न्या म्हटल्यावर बाहेरच्या खोलीत खाट पडली आणि त्या खोलीला तो वास लागला, गोडसर, कुजका, कशानंही न जाणारा. लोकेश दारात उभा राहून तोंडावर रुमाल धरूनच बोलायचा. साक्षीला दिवस गेलेले, तिला उलट्या व्हायच्या, तिला कुणी आत येऊ दिलं नाही. भेस्तानहून आत्या यायची ती उंबऱ्यावरच रडून परत जायची. पट्टी बदलायचं काम विशाखाकडं आलं. कुणी तिला सांगितलं नाही. कुणी पुढं झालं नाही, एवढंच. गॉज ओला करायचा, हळूहळू सोडवायचा, आणि त्या वेळी वडील जखमेकडं नव्हे, तिच्या तोंडाकडं बघायचे. एकटक. त्यांना बोलता येत नव्हतं फारसं, पण डोळे तिच्या नाकपुड्यांवर, ओठांच्या कोपऱ्यांवर असायचे. म्हणून तिनं चेहरा गुळगुळीत ठेवायला शिकून घेतलं. आलेगेले कौतुक करायचे की पोरगी सोनं आहे, तिला किळस म्हणून ठाऊक नाही. हळूहळू ते तिच्या नावासारखं झालं. मोरी तुंबली, मांजर मेलं, शेजारच्या म्हातारीचं लुगडं खराब झालं, कुणीतरी तिच्याकडं बघायचंच, आणि ती उठायची.

साबण फेकला त्या दिवशी संध्याकाळी ती वरच्या अगाशीवर गेली आणि फोन उघडून तिनं शोधायला सुरुवात केली. कुठंतरी जायचं होतं, डोंगरात, चालत, एकटीनं, जिथं माणूस नसेल. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, बाजार उघडला नव्हता, लॅबही दोन दिवस बंद राहणार होती. तिनं गर्दीपासून दूर असं लिहिलं की फोन धबधब्यासारखा वाहायला लागायचा: कुणाला माहीत नसलेल्या जागा, लपलेला स्वर्ग, एकट्यानं भटकायला डांगमधलं गुपित. प्रत्येक गुपितात एक पोरगा तोंड कॅमेऱ्यात घालून ओरडत होता, त्याच्या मागं धबधबा, आणि धबधब्याच्या मागं आणखी पोरं, उघडी, ओली, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. एकात दगडावर मुलाचं डायपर पडलेलं होतं, घडी घालून नीट ठेवलेलं, जणू कुणी ते परत न्यायला येणार होतं. खाली शेकडो जणांनी विचारलं होतं की गाडी अगदी पाण्यापर्यंत जाते का. तिला त्या ओल्या पाठींचा वास फोनमधून यायला लागला. मग तिनं व्हिडिओ सोडले आणि नकाशा उघडला, वरून काढलेला, हिरवा-तपकिरी. व्याऱ्याच्या पुढं, आहव्याच्या अलीकडं, रस्त्यांच्या पांढऱ्या रेघा जिथं संपतात तिथं बोटानं सरकत सरकत ती बघत राहिली. हिरव्याच्या मधोमध एक फिकट टक्कल दिसलं. डोंगराचा माथा असावा. त्याला नाव नव्हतं. कुणी तिथं फोटो काढला नव्हता, तारे दिले नव्हते. ती ते टक्कल मोठं करून बघत राहिली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

घरात तिनं खरं तेच सांगितलं आणि त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसला नाही. लोकेशनं विचारलं, कोणाबरोबर. एकटी म्हटल्यावर त्यानं परत विचारलं, म्हणजे तिथं कोण भेटणार आहे. साक्षीच्या नजरेत एक चमक आली. लॅबमधलं कुणी असेल तर ताईंनी सांगून टाकावं, आपल्याला आनंदच आहे, असं ती भांडी लावता लावता म्हणाली. त्या आनंदाचीही विशाखाला शिसारी आली. सकाळी आईनं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि विचारलं ते एवढंच की तिथं पाणी आहे का.

कडोदऱ्याच्या चौकात बस मिळाली, पण बसायला जागा नव्हती. सुट्टी म्हणजे सगळं शहर डांगला निघालेलं. तिच्या पाठीला एक पोट टेकलेलं होतं, प्रत्येक ब्रेकला ते सैल, गरम पोट तिच्यावर ओतलं जायचं आणि परत मागं जायचं. पुढं कुणीतरी खिडकीतून ओकलं आणि मागच्या खिडक्या पटापट बंद झाल्या. व्यारा सुटल्यावर एका नदीच्या पुलावर बस अडकली. खाली पाण्यात गाड्या उतरवल्या होत्या, सुरतेच्या नंबरांच्या, आणि गाड्यांची दारं उघडी टाकून आतून गरबा वाजत होता. भजी तळली जात होती. कागदी थाळ्या, खाल्लेली कणसं, निथळत्या चड्ड्या झुडपांवर वाळत घातलेल्या. गुडघाभर पाण्यात एक गृहस्थ उभे राहून दात घासत होते आणि जिथं थुंकत होते तिथूनच खालच्या अंगाला बायका पाणी भरत होत्या. बसमधले सगळे खिडक्यांतून फोटो काढायला लागले. विशाखानं डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांत तो फिकट ठिपका धरून ठेवला.

फाट्यावर ती एकटीच उतरली. बस वळणाआड गेली आणि तिचा आवाज बराच वेळ झाडांत घुमत राहिला, मग तोही गेला. आतल्या रस्त्यानं चालत गेल्यावर चार-पाच घरांचा पाडा लागला. एका अंगणात एक बाई नागली वाळत घालत होती. तिनं नाव सांगितलं पुष्पाबाई. तिची डांगी बोली विशाखाला आईच्या बोलीची लांबची बहीण असल्यासारखी कळत होती, मधले काही शब्द सोडले तर. डोंगरावर काय आहे, असं पुष्पाबाईनं विचारलं. काही नाही, म्हणूनच चाललेय, असं विशाखा म्हणाली, आणि पुष्पाबाईला ते पुरेसं वाटलं असावं. ओहोळ धरून वर जा म्हणाली. मग काहीतरी आणखी सांगायला म्हणून तिनं तोंड उघडलं, पण नागलीवर कोंबडी आली तशी ती तिकडं वळली.

ओहोळ आटत आलेला होता. साग वाळायला लागले होते, पायाखाली मोठाली पानं पापडासारखी मोडत होती, आणि त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. उजवीकडच्या उतारावर गवत कमरेइतकं, वरून सोनेरी, खालून अजून हिरवं. कुठं कागद नाही, बाटली नाही, पायाचा ठसा नाही. तिनं ओढणी सैल केली. दंडांवरून वारा गेला आणि तिला वाटलं की बसमधलं ते पोट, ती वळी, सगळं सुटून मागं पडतंय. तेवढ्यात वास आला. आधी एक धागा, मग एकदम भिंत. वळणापलीकडं ओहोळात एक बैल पडलेला होता, मेलेला, फुगून दुप्पट झालेला, चारी पाय ताठ बाजूला आलेले. डोळ्यांच्या जागी माश्यांचा हलणारा थर होता. कुत्र्यांनी मागून सुरुवात केलेली होती. विशाखा उभी राहिली आणि सवयीनं तिचा चेहरा जागच्या जागी बसला. नाकपुड्या स्थिर, ओठ मिटलेले, कपाळ सपाट. ती तशीच उभी राहिली, आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आजूबाजूला कोणी नाही. डोंगर होता, साग होते, मेलेला बैल होता, आणि ती कुणासाठी तरी तोंड सरळ धरून उभी होती.

आजोबांची गोष्ट वडील हसून सांगायचे. आजोबा पोपट, पारोळ्याकडच्या एका गावातले. धम्म घेतल्यावर बौद्धवाड्यानं ठरवलं होतं की मेलेली ढोरं ओढायची नाहीत, पण बोलावणं येतच राहायचं. पाटलाचा बैल मेला तेव्हा पोपट गेला, बैलापाशी उभा राहिला, आणि त्यानं डोक्याचं फडकं सोडून नाकाला लावलं. नाही म्हणाला नाही, ओढत नाही म्हणाला नाही, नुसतं नाकाला फडकं लावलं. पाटलाच्या पोरानं विचारलं, "तुले कधीपासून वास येवाले लागना?" आणि मग मारलं, ओसरीवरून सगळं गाव बघत असताना. त्या आठवड्यात पोपट बायको आणि लहानग्या सखारामला घेऊन रेल्वेनं सुरतेला आला आणि उधन्याला रुळांवर कामाला लागला. वडील पाटलाच्या पोराचा आवाज काढून ते वाक्य म्हणायचे आणि लहानपणी विशाखा हसून लोळायची, कारण तो आवाज खरंच गमतीदार असायचा. आता ओहोळात उभी असताना तिला तो आवाज ऐकू आला, पण तो पाटलाच्या पोराचा नव्हता. धर्मेंद्रचा होता, साक्षीचा होता, आईचाही होता. तिला एक दुपार आठवली. पट्टी सोडवताना वडलांनी महत्प्रयासानं, शब्द ओघळू देत विचारलं होतं, "तुले वास येत नाही का, बेटा?" ती म्हणाली होती, नाही बाबा, अजिबात नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. इतकी वर्षं तिनं ते कृतज्ञतेचं पाणी समजून जपलं होतं. पण ते पाणी नाकाला फडकं लावणाऱ्या पोपटच्या मुलाच्या डोळ्यांतलं होतं. तो काय विचारत होता?

तिचं नाक आक्रसलं. आधी थोडं, मग सगळंच, वरचा ओठ दातांवरून मागं गेला, जीभ बाहेर आली, गळ्यातून ई नव्हे, त्याहून जुना काहीतरी आवाज निघाला, आणि ती गुडघ्यांवर हात टेकवून ओकली. चहा आला, पाणी आलं, मग नुसतंच पिवळं. ती थुंकली, परत थुंकली. ओढणी नाकाला गच्च लावली आणि ओढणीमागं तोंड वाकडं केलं, आणखी वाकडं केलं, कोणाला बरं वाटावं म्हणून काही राखायचं नव्हतं. घाण आहे, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, ओहोळाला, बैलाला. घाण आहे, मला वास येतो. मग ती ओहोळ सोडून काट्यांतून, गवत ओरबाडत, वळसा घालून वर चढली, आणि ओकलेलं तिथंच राहू दिलं. त्यावर माती ढकलण्यासाठी ती थांबली नाही.

माथ्यावर खरंच काही नव्हतं. नकाशातलं टक्कल म्हणजे खडकाचा एक सपाट तवा, मधल्या भेगांतून वाळकं गवत उगवलेलं. चारी बाजूंना डोंगरांच्या पाठीमागं डोंगर, जवळचे हिरवे, लांबचे निळे, त्याहून लांबचे नुसते धुरासारखे. पूर्वेकडचे कदाचित खानदेशातले असतील. ती बसली. सुख झालं असं नाही. ओढणीला वास लागलेला होता, तोंड कडू होतं, भाकरी सोडवून परत बांधून ठेवली. पण चेहरा दुखत होता. गालांचे स्नायू, नाकाच्या कडा, हनुवटी, एखाद्या न वापरलेल्या हातानं पहिल्यांदा ओझं उचलावं तसे दुखत होते, आणि ते दुखणं तिला हवंहवंसं वाटलं. ऊन कलायला लागलं तोवर ती तशीच बसून राहिली. कुणी आलं नाही.

परतताना पुष्पाबाईनं तिला पाणी दिलं. तांब्या वरून धरून ओंजळीत ओतलं आणि मग तिच्या ओढणीकडं बघून विचारलं, वास आला का. सकाळी सांगायचं राहूनच गेलं, म्हणाली. विशाखाच्या तोंडून पटकन 'नाही' निघणार होतं. ते जिभेवर आलंही होतं.

"आला," ती म्हणाली. "फार. उलटी झाली मला."

पुष्पाबाईनं मान हलवली. बैल त्यांचाच होता, सोम्या. तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं ओढत नेऊन टाकला होता. वारा इकडं फिरला की घरात कुणाला जेवण जात नाही, असं ती म्हणाली आणि तिनं नाक वर ओढलं, तोंड कडू काढा प्यायल्यासारखं केलं, आणि तशाच आक्रसलेल्या तोंडानं ती रडायला लागली. पुसलंही नाही. किळस आणि रडू एकाच चेहऱ्यावर होतं आणि एकानं दुसऱ्याला ढकललं नव्हतं. विशाखाला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवायला नकोही वाटलं. नागलीचा, घामाचा, शेणाचा वास येत होता. ती बाजूला बसून राहिली, पुष्पाबाईचं रडून होईपर्यंत, आणि मग फाट्याकडं निघाली.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते आणि मोरी तुंबलेली होती. खरकट्याचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, वर तेलाचा तवंग आणि भाताची शितं फिरत होती. साक्षी तोंडाला पदर लावून निजलेल्या पोराजवळ पलंगावर पाय वर घेऊन बसलेली. लोकेश फोनमध्ये. विशाखा आत आली तसे दोघांचे चेहरे सैलावले. लोकेश म्हणाला, बरं झालं आलीस, बघ ना जरा. डोंगर कसा होता हे कुणी विचारलं नाही. तिनं पाय धुतले, बाहेरच्या नळावर, ताट घेतलं, भात वाढून घेतला आणि भिंतीला टेकून बसली. मग लोकेशनं परत म्हटलं, ताई, मोरी.

"मला घाण वाटते," विशाखा म्हणाली.

तो हसला, मग हसायचा थांबला. साक्षीनं पदर तोंडावरून काढला. चंपाबाईनं मुलीकडं बघितलं, फार वेळ बघितलं, आणि मग गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून उठायला लागली. तिचे गुडघे वाजले. विशाखाला ते ऐकू आलं आणि हातातला घास तसाच राहिला, कारण आजवर तिला उठवायला इतकं पुरेसं झालं असतं. आईचा हात मोरीत गेलेला तिनं कधी बघितला नसता. तिनं ताट खाली ठेवलं, आईचं मनगट धरलं आणि तिला परत खाली बसवलं.

"तू बस. लोकेश करेल."

लोकेशनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. शेवटी त्यानं फोन खिशात टाकला, बाही कोपराच्या वर सारली, मोरीपाशी उकिडवा बसला आणि तोंड भिंतीकडं फिरवून हात त्या पाण्यात घातला. त्याचं नाक आक्रसलं, मान ताठ झाली, डोळे गच्च मिटले, आणि त्याला उमासा आला तसा तो आवाज त्याच्या गळ्यातून निघाला. आत काहीतरी निसटलं. पाणी एकदा थांबलं, मग गुळगुळ करत खाली उतरायला लागलं, आणि वास सगळ्या घरात पसरला. चंपाबाईनं हळूच लुगड्याचा पदर नाकाला लावला. शेजारी विशाखानंही लावला, आणि दुसऱ्या हातानं ताट जवळ ओढलं.